बेकरीच्या भट्टीपासून शेकोटीच्या आळ्यापर्यंत : आमची वाटचाल

वडील पुण्यातील बेकऱ्यांच्या लाकडावर चालणाऱ्या भट्ट्या बांधत. विजेचे आणि डिझेलचे ओव्हन आले तसे ते काम आटले आणि माझ्या वाट्याला त्यांचा पितळी ओळंबा, एका बाजूने झिजलेली थापी आणि फायर ब्रिकची, म्हणजे जाळ सोसणाऱ्या विटेची, पारख एवढेच आले. पुढे मुळशी आणि पवना परिसरात फार्महाउसे उभी राहिली, तेव्हा या पारखीला नवे गिऱ्हाईक मिळाले. गिऱ्हाईक मागतात ‘फायर पिट’. आमचे मिस्त्री त्याला शेकोटीचे आळे म्हणतात, आणि मलाही तोच शब्द बरा वाटतो, कारण आळे म्हटले की पाण्याचा विचार आधी होतो.

पहिले आळे आम्ही मुळशीतील एका निवृत्त शिक्षिकांच्या अंगणात बांधले. त्यांना आम्ही सगळे बाईच म्हणतो. जागा ठरवण्यासाठी मी डिसेंबरात, दिवेलागणीनंतर, उदबत्तीचा पुडा घेऊन गेलो, कारण डोंगराच्या कुशीत दिवसाचा वारा एक आणि रात्री उतारावरून खाली सरकणारा गार वारा वेगळाच. दुपारी खुंट्या ठोकणाऱ्याचा धूर रात्री थेट बैठकीच्या खोलीत शिरतो. उदबत्तीचा धूर जिकडे गेला ती बाजू मोकळी सोडून, घरापासून 15 फूट दूर, वर फांदी किंवा वीजतार नाही अशा ठिकाणी आम्ही खुंटी रोवली आणि दोरीने 3 फूट आतल्या व्यासाचे वर्तुळ आखले. काळी माती पावसात फुगते आणि उन्हात आक्रसते, म्हणून मुरूम लागेपर्यंत खोदून 6 इंच खडी भरली. तळाला काँक्रीट मुद्दाम टाळले, नाहीतर पहिल्याच पावसात आळ्याची टाकी होते. आतून फायर क्लेमध्ये, म्हणजे जाळ सोसणाऱ्या मातीत, बसवलेली फायर ब्रिक, बाहेरून घडीव काळा दगड आणि दोहोंमध्ये इंचभर फट, कारण आतला थर तापून फुगतो आणि त्याला जागा दिली नाही तर तो बाहेरची भिंत ढकलतो. खालच्या थरात हवेसाठी चार भोके ठेवली. बाई शेजारी खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि प्रत्येक थराला कारण विचारत होत्या.

त्यानंतरची वर्षे चांगली गेली. त्यांविषयी सांगण्यासारखे फारसे नाही.

मग ते काम आले. एका मोठ्या बंगल्याच्या वास्तुरचनाकारांना आळ्याची आतली बाजू नदीतल्या गोट्यांची हवी होती, कारण कुठल्याशा चित्रात ती तशी होती. मी नकार दिला आणि कारणे कागदावर लिहून दिली. वर्षानुवर्षे पाण्यात राहिलेल्या गोट्याच्या भेगांत आणि छिद्रांत पाणी असते. ते तापले की वाफ होते आणि वाफेला वाट मिळाली नाही तर दगडाची कपची उडते. त्यात आपल्याकडचा मांजऱ्या, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा काळा दगड, तर अधिकच वाईट. त्यातल्या ठिपक्यांत झिओलाइट नावाचे खनिज असते, जे तापल्यावर स्वतःतले पाणी सोडते. ग्रीकमध्ये त्या नावाचा अर्थच ‘उकळणारा दगड’ असा आहे. वास्तुरचनाकार हसले, म्हणाले, शेकोटीच आहे, लोखंडाची भट्टी नाही. आम्ही फक्त बाहेरची भिंत बांधून निघालो आणि आतले गोटे त्यांनी दुसऱ्या एका ठेकेदाराकडून बसवून घेतले. पहिल्याच रात्री अर्ध्या तासात आवाज झाला आणि एका पाहुण्याच्या गालावर कपची लागली. डोळा दोन बोटांनी वाचला. दुसऱ्या दिवसापासून सगळीकडे नाव खराब झाले ते आमचे.

आमचे उरलेले पैसे बुडाले, हातातली चार कामे रद्द झाली आणि तीच कामे गोटे बसवणाऱ्या त्या ठेकेदाराला मिळाली, हे मी आजही विसरलेलो नाही. तो साध्या विटांवर सिमेंटचा गिलावा करून आमच्या निम्म्या दरात आळे देई. सिमेंटचा गिलावा जाळाला टिकत नाही. एका हिवाळ्यात त्याचे पापुद्रे सुटतात. पण पापुद्रे सुटेपर्यंत पैसे पोचलेले असतात. सहा महिने मी मिस्त्रींचा पगार उसनवारीवर दिला आणि वडिलांचा ओळंबा सोडून बरीच हत्यारे विकली. तेव्हा बाईंचा फोन आला. झाल्या प्रकाराविषयी त्यांनी एक शब्द विचारला नाही. बहिणीच्या जागेत आळे बांधायचे आहे, आगाऊ रक्कम पाठवते, एवढेच सांगितले. त्या कोजागरीला त्यांनी पंचवीसेक माणसे बोलावून आमच्याच आळ्यावर दूध आटवले आणि त्या पंचवीसांतून आम्हाला तीन कामे मिळाली.

ज्यांना स्वतः आळे बांधायचे आहे त्यांना, विचारले नसले तरी, सांगतो. नवे बांधकाम दोन-तीन आठवडे सुकू द्या आणि पहिले जाळ लहान ठेवा. जस्ताचा मुलामा दिलेली पिंपे किंवा कडी आत घालू नका, तापल्यावर त्यांचा धूर बाधतो. पेट्रोल, रॉकेल ओतून पेटवू नका. पाण्याची बादली आधी भरा, काडी नंतर ओढा. राख गार दिसली तरी तिच्या पोटात निखारा दुसऱ्या दिवशीही जिवंत असतो, तेव्हा ती झाकणाच्या लोखंडी डब्यातच काढा. प्लास्टिकच्या घमेल्यात काढलेल्या राखेने पेटलेली पेंढ्याची गंजी मी पाहिली आहे.

गेल्या डिसेंबरात त्याच वास्तुरचनाकारांच्या कार्यालयातून दर विचारायला फोन आला. दर सांगितला, जुन्या पत्राची प्रत पाठवली आणि मागच्या थकबाकीसह पूर्ण रक्कम आगाऊ मागितली. उत्तर अजून आलेले नाही.