करटोलीचा नर कुठला, मादी कुठली?

पाऊस सुरू झाला की गावदेवी मार्केटात आणि जांभळी नाक्यावर शहापूर-मुरबाडकडच्या बायका करटोलीचे वाटे मांडून बसतात. दर ऐकला की ठाणेकरांच्या मनात येतंच, हा वेल आपल्या बाल्कनीत लावला तर? लावावा. पण करटोलीत नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळा असतो, हे आधी माहीत हवं. नाहीतर ग्रील भरून हिरवागार वेल चढतो, पिवळी फुलंही येतात आणि फळ मात्र एकही नाही. अशा वेलाला लोक ‘वांझ करटोली’ म्हणतात. बिचारा वांझ नसतो, नर असतो!

पानांवरून नर-मादी ओळखायच्या भानगडीत पडू नये. एकाच वेलावर एक पान बदामाच्या आकाराचं, तर दुसरं तीन-पाच खाचांचं निघतं. खोडाच्या जाडीवरूनही काही कळत नाही. खरी खूण कळीत असते. कंद फुटल्यावर साधारण महिना-सव्वा महिन्यात पानांच्या बेचक्यात कळ्या दिसू लागतात. कळी मुगाएवढी झाली की देठासकट निरखून बघा, मोबाइलचा कॅमेरा झूम केला तरी पुरतं. नराची कळी एका हिरव्या, पानासारख्या टोपड्यात बसलेली असते, तान्ह्या बाळाला कानटोपी घालावी तशी. हे टोपडं अगदी कळीला लागून असतं आणि त्याखाली नुसता सरळ देठ. मादीच्या कळीखाली मात्र इवलीशी फुगीर गाठ असते आणि तिच्यावर मऊ काट्यांची लव. हीच पुढची करटोली. मादीलाही टोपड्यासारखं पान असतं, पण अगदी बारीक आणि देठावर बरंच खाली. म्हणजे फूल उमलायच्या आधीच निकाल लागतो.

बियांपासून लावायचं तर नशिबाचा खेळ. टरफल कडक, त्यामुळे उगवण रडतखडत होते आणि उगवलेल्यांत नर-मादी साधारण निम्मे निम्मे. चार रोपं जगली तरी आठात एकदा चारही नर किंवा चारही मादी निघतात. कंद लावलेला बरा, कारण मादीचा कंद दरवर्षी मादीच देतो. विकत घेताना गेल्या वर्षी त्या वेलाला फळ धरलं होतं का, एवढंच विचारायचं. येऊरच्या जंगलातून कंद उकरून आणू नयेत, तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे.

१५ इंची ग्रोबॅग, भुसभुशीत माती आणि तळाला मोकळी भोकं. कंद ५-७ सेंटिमीटर खोल. पाणी तुंबलं की कंद सडलाच. शेतात आठ-दहा माद्यांमागे एक नर पुरतो. बाल्कनीत दोन-तीन माद्या असल्या तरी नर एक लागतोच.

घोडबंदर रोडच्या पंधराव्या मजल्यावर पराग वाहून नेणारे पतंग (किडे) येतील या भरवशावर राहू नका. करटोलीचं फूल संध्याकाळी उमलतं, त्यामुळे लाल भोपळ्याच्या सवयीने सकाळी परागीकरण करायला गेलं की फुकट जातं. दिवेलागणीला ताजं नर फूल तोडायचं, पाकळ्या काढून टाकायच्या आणि मधले पराग मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवायचे. एका नर फुलात तीन-चार मादी फुलांचं काम होतं. परागीकरण फसलं तर ती गाठ पिवळी पडून गळते. साधलं तर दोनेक आठवड्यांत भाजी. बी टणक व्हायच्या आत तोडा.

ओळख पटली त्याच दिवशी खूण करा, पण वेलाला दोरा बांधून नव्हे. पावसाळा सरला की वेल वाळतो आणि दोराही त्याच्याबरोबर कचऱ्यात जातो. मार्करची शाई ऑक्टोबरच्या उन्हात उडते. थंड पेयाच्या डब्याची पट्टी कापून, तिच्यावर खिळ्याने ‘मा’ किंवा ‘न’ कोरून ती मातीत खोचा. कंद तसाच कोरड्या मातीत राहू द्या आणि पुढच्या पावसापर्यंत त्या कुंडीत दुसरं काही लावू नका.