केस डिसमिस झाली म्हणजे सगळं संपलं का? तुम्ही विचारलंत म्हणून

ऑफिसातल्या भेदभावाविरुद्ध लढणाऱ्या बऱ्याच जणी मला हेच विचारतात, ताई केस फेटाळली, आता काय उरलं? मी आधी विचारते, ऑर्डर वाचलीस का? बहुतेक वेळा वाचलेली नसते, वकिलांनी फोनवर "डिसमिस झाली" सांगितलेलं असतं आणि तेवढ्यावरच रडून झालेलं असतं. अगं, का डिसमिस झाली यावर तर पुढचं सगळं आहे.

समजा दिवाणी दावा आहे आणि तारखेला कंपनीचा वकील हजर, तुमच्याकडून कोणीच नाही, म्हणून काढून टाकला. म्हणजे तुमचं म्हणणं खोटं ठरलं असं नाही, ते कोणी ऐकलेलंच नाही. मग त्याच कोर्टात दावा परत बोर्डावर, म्हणजे सुनावणीला, घ्या असा अर्ज करायचा, मुदत ३० दिवस, आणि का येता आलं नाही त्याचा पुरावा लावायचा, हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड वगैरे. मुदत गेली असेल तर उशीर माफीचा अर्ज सोबत. नवीनच दावा टाकू असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, अशा वेळी त्याच कारणासाठी नवा दावा चालत नाही.

आणि पूर्ण ऐकून फेटाळली असेल तर अपील. इथे मी प्रत्येकीला मुंबईच्या ऑड्री डिकॉस्टांची केस सांगते. मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत त्या स्टेनोग्राफर, पुरुष स्टेनोंपेक्षा पगार कमी. १९७६ च्या समान वेतन कायद्याखाली अर्ज केला तर पहिल्याच पायरीवर फेटाळला! काम सारखंच आहे हे अर्ज ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांनी मान्य केलं, पण हा फरक बाई म्हणून केलेला नाही म्हणाले, युनियनशी झालेल्या करारामुळे आहे म्हणे. मला हे वाचताना अजूनही संताप येतो. त्या अपिलात गेल्या आणि तिथे जिंकल्या, फरकाची रक्कम साधारण ७,२०० रुपये. तेवढ्यासाठी कंपनी हायकोर्टात गेली, तिथे दोनदा हरली, मग सुप्रीम कोर्टात गेली आणि १९८७ मध्ये तिथेही हरली. आमची आर्थिक परिस्थिती नाही हे कारणसुद्धा कोर्टाने चालवून घेतलं नाही. पहिल्या ऑर्डरनंतर बाई घरी बसल्या असत्या तर आज आपल्या वकिलांना दाखवायला हा निकालच नसता.

अपिलाची मुदत प्रत्येक कायद्यात वेगळी आहे, ती वकिलांकडून तारखेसकट लिहून घ्या. आणि सर्टिफाइड कॉपीचा, म्हणजे निकालाच्या अधिकृत नकलेचा, अर्ज निकालाच्या दिवशीच टाका, कारण नक्कल मिळायला लागलेले दिवस मुदतीतून सहसा वगळतात, पण ते अर्ज केल्यापासूनचेच, त्याआधी घरात गेलेले दिवस कोणी परत देत नाही. वकील बदलायचा असेल तर तोही याच काळात बदला, पण जुन्याकडून आधी सगळी फाइल आणि रोजनाम्याच्या, म्हणजे कोर्टात प्रत्येक तारखेला काय झालं त्या नोंदीच्या, प्रती घ्या.