रांगेतली जागा

शाळेच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला बसलो, तेव्हा सर्वांत आधी आठवली ती सकाळच्या प्रार्थनेची रांग. मी वर्गप्रमुख होतो आणि प्रार्थना संपेपर्यंत जागा सोडायची नाही, हा नियम कसोशीने पाळत असे. एके दिवशी माझ्या पुढचा मुलगा डोलू लागला आणि कोसळला. त्याची एक चप्पल निसटून माझ्या पायाशी आली, तरी मी हात जोडून, डोळे मिटून उभाच राहिलो. त्याला उचलायला मागच्या रांगेतले कोणीतरी धावले.

त्या दिवशी बायबलच्या तासाला बाईंनी लूकच्या शुभवर्तमानाचा 10 वा अध्याय काढला. लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या माणसाला पाहून याजक, म्हणजे यहुदी मंदिरातला पुरोहित, दुसऱ्या बाजूने निघून जातो, ही गोष्ट आम्हाला पाठ होती. बाईंनी मात्र याजकाचीही बाजू मांडली. जवळच्या नातलगांखेरीज कोणाच्या प्रेतामुळे याजकाने विटाळू नये, अशी आज्ञा लेवीय पुस्तकाच्या 21 व्या अध्यायात आहे, आणि वाटेतला माणूस मेलेलाच आहे, असे त्याला वाटले असेल. हे ऐकून मला हायसे वाटले. मग त्यांनी आम्हाला एका शब्दावर बोट ठेवायला लावले: याजक त्या वाटेने ‘खाली’ जात होता. वाट यरुशलेमहून यरीहोला जाणारी; मंदिर होते ते यरुशलेम डोंगरावर, यरीहो खोलगट भागात. म्हणजे तो मंदिरातल्या सेवेकडे निघालेला नव्हता. “मग त्याची कोणती सेवा खोळंबली होती?” बाईंनी विचारले. माझ्याकडे त्यांनी पाहिलेही नाही, पण प्रश्न माझ्यासाठी होता.

पुढे कितीतरी वर्षे मी याचा सोपा अर्थ धरून बसलो होतो, की कळवळा आला की आज्ञा बाजूला ठेवायची. मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायाने तो खोडून काढला. नियमाने वस्तीबाहेर राहावे लागणाऱ्या कुष्ठरोग्याला येशू बरा करतो, तो आधी त्याला हात लावून. आणि बरे केल्यावर लगेच त्याला बजावतो, की स्वतःला याजकाला दाखव आणि मोशेने नेमलेले अर्पण कर. पूर्वी मला यात विसंगती दिसे. आता वाटते, की याजकाने शुद्ध ठरवल्याशिवाय त्या माणसाला आपल्या माणसांत परतताच आले नसते, आणि म्हणून जो कळवळा त्याला शिवला, तोच त्याला याजकाच्या दारापर्यंत पोहोचवत होता. दया आणि आज्ञापालन यांना तराजूच्या दोन पारड्यांत घालणे मी तेव्हापासून सोडले.

तास संपल्यावर बाईंनी मला ती चप्पल दिली आणि आजारी मुलांच्या खोलीत पाठवले. “पुढच्या तासाचे काय?” मी विचारले. “बस त्याच्याजवळ,” एवढेच त्या म्हणाल्या. तो जागा होईपर्यंत मी चप्पल मांडीवर घेऊन बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी हजेरीपटात पाहिले, तर त्या तासाला माझ्या नावापुढे बाईंच्या अक्षरात ‘हजर’ असे लिहिले होते.