पोट सुटलेली भिंत

भूकंपाचा पंचनामा म्हणजे भेगा मोजणं, असं मला नोकरीची पहिली बारा वर्षं वाटत होतं. शाखा अभियंता म्हणून पाटण तालुक्यात बदली झाली तेव्हा एका जुन्या सहकाऱ्यानं सांगितलं होतं, "टेप घे, खडू घे आणि चहाला नाही म्हणू नकोस." कोयनेच्या पट्ट्यात जमीन हलली ही काही बातमी नसते. १९६७ पासून इथं पाच रिश्टरच्या वरचे वीसेक आणि चारच्या वरचे दोनशेच्या आसपास धक्के नोंदले गेलेत. भांडी वाजली की लोक एकदा वर तुळईकडे बघतात आणि पुन्हा भाकरी मोडायला लागतात.

त्या रात्रीचा धक्का मात्र जरा दांडगा होता. आधी डोंगराच्या पोटातून ट्रक जावा तशी गडगड, मग एक हिसका. सकाळी तलाठी भाऊसाहेब, ग्रामसेवक आणि मी मोरणेच्या खोऱ्यातल्या एका गावात उतरलो. दुपारपर्यंत तीसेक घरं झाली. सगळीकडं तेच: गिलाव्यावरची केसाएवढी भेग, तिच्यावर ठेवलेलं बोट आणि "सायेब, एवढं लिवा." एकानं दाखवलेल्या भेगेत तर कोळ्यानं संसार मांडला होता. मी भाऊसाहेबांकडं बघितलं, भाऊसाहेबांनी आभाळाकडं.

शेवटचं घर गावाबाहेर, ओढ्याच्या काठाला. म्हातारी एकटीच. मुलगा नवी मुंबईत, माथाडी. आमच्या हातातले कागद बघूनच तिनं हात झटकला. "माझं काय बी पडल्यालं न्हाय. फुडं जावा. च्या प्यायचा आसंल तर बसा."

बसलो. समोर घराच्या बाजूच्या भिंतीला टेकून सरपण रचलेलं होतं. त्याची मधली फळी पुढं आली होती. ढासळली असती तर लाकडं खाली लोळली असती. इथं मागून कुणीतरी ढुसणी दिल्यासारखी ती नुसती पुढं सरकली होती.

"आज्जी, सरपण कुणी हलवलं?"

"भुईनं," ती म्हणाली.

चहा तसाच ठेवून मी उठलो. ग्रामसेवकानं कुठूनतरी गवंड्याचा ओळंबा, म्हणजे दोरीला टांगलेलं वजन, आणला. सरपण बाजूला करून भिंतीच्या माथ्यावरून दोरी सोडायला गेलो, तर ती कमरेच्या वर भिंतीलाच अडायला लागली. खुंटी मारून दोरी बाहेर काढावी लागली. मधे भिंत चांगली तीन बोटं बाहेर आली होती. आत जाऊन तीच भिंत बघितली तर ओळंब्यात, सरळ. शेणानं सारवलेली, एक भेग नाही. मुठीनं ठोकल्यावर बद्द आवाज आला.

गवंडी याला 'पोट सुटलं' म्हणतात. दीड-दोन फूट जाडीची दगडमातीची भिंत बाहेरून एक दिसते, असतात दोन. एक आतली पडदी, एक बाहेरची आणि मधे बारीक दगड-मातीचं भरताड. दोन्हींना धरून ठेवायला भिंतीच्या जाडीएवढे लांब, आरपार जाणारे दगड घालायचे असतात, दर दोन फुटांच्या थराला आणि चार फुटांच्या आत एक. ते नसले की प्रत्येक हादऱ्याला भरताड थोडं खाली बसतं आणि पाचरीसारखं दोन्ही अंगांना बाहेर रेटतं. एक दिवस अर्धी भिंत सोलून पडते. भेग न पडताच.

मी हे आधी बघितलं नव्हतं असंही नाही. नोकरीत नवा असताना किल्लारीच्या कामावर गेलो होतो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. तो भूकंप ताकदीनं कोयनेच्या सदुसष्टच्या भूकंपाएवढाच, सव्वासहाच्या आसपास. कोयनेला पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, तिकडं जवळपास आठ हजार. भिंती दोन्हीकडं दगडमातीच्याच. पण आपल्याकडं पाऊस म्हणून उतरतं छप्पर, कौलाचं नाहीतर गवताचं. तिकडं ऊन म्हणून वर माळवद, फूट-दोन फूट मातीचं. भिंतीनं पाय सोडला की ते सगळं झोपलेल्या माणसावर. तिथं मी ढिगारेच मोजत होतो, भिंत कशी उभी होती हे विचारायचं सुचलं नाही.

"हे घर कधीचं, आज्जी?"

"सदुसष्टला पयलं पडलं, त्येच्या फुडच्या साली बांदलं."

ती तेव्हा नवी नवरी. ११ डिसेंबरची पहाट, सव्वाचारच्या पुढची वेळ. दळायला उठून पडवीत जात्यापाशी बसली होती म्हणून वाचली. आतली भिंत तिच्या अंथरुणावर आली.

"मग दगड कुठून आणले?"

"आनायचं कशाला? पडल्यालं हुतंच की."

ओढ्यातले गोल गोटे. एकदा पडलेले तेच पुन्हा मातीत रचलेले.

मी तिथं झोपू नका म्हणालो, तशी ती चिडली. मग तिनं, इकडं सगळेच विचारतात तो प्रश्न विचारला, "ह्ये समदं धरनामुळं हुतंय म्हन्त्यात, खरं का?"

जमेल तसं सांगितलं. जमिनीत खोल, काळ्या पाषाणाच्याही खाली जुन्या चिरा आहेत. अख्खा देश वर्षाला पाचेक सेंटिमीटर उत्तरेला सरकून हिमालयाला रेटतोय, त्या रेट्याचा ताण इथल्या खडकातही साठतो. चिरेच्या दोन बाजू एकमेकींना घट्ट धरून असतात. बासष्टच्या सुमाराला शिवाजीसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात, पाणी साठायला लागलं, वर त्याचं वजन आलं, आणि फटीफटीतून खोल गेलेल्या पाण्याच्या दाबानं ती पकड ढिली झाली. ताण पाण्यानं आणलेला नाही. तरी तलाव भरला, उतरला की धक्के वाढतात ते यामुळं.

ती ऐकत होती. म्हणाली, "म्हंजी भांडान जुनंच. पान्यानं नुस्तं कान भरलं."

यापुढं मी बोललो नाही. रात्री ती गोठ्यात झोपायला कबूल झाली. सागाच्या मेढी, वर पत्रा, भिंतीच नाहीत. गावातलं सगळ्यात भक्कम घर तेच होतं.

पंचनाम्याच्या नमुन्यात भेगेची लांबी आणि रुंदी यांना रकाने होते. पोटाला नव्हता. शेऱ्यात लिहिलं, 'भिंतीस पोट सुटले आहे, राहण्यास धोकादायक.' चार दिवसांनी वरून फोन. "अहो, पोट म्हणजे काय? फोटोत भिंत तर अखंड दिसतेय." पुन्हा गेलो, भिंतीच्या कडेला ओळंबा लोंबता ठेवून फोटो काढला. त्यावर 'अंशतः नुकसान' मंजूर झालं. त्या रकमेत गवंड्याची मजुरीही सुटली नसती. मुलानं पदरचे घातले, मे महिन्यात येऊन भिंत उतरवली. मी मुद्दाम बघायला गेलो. वीसेक फूट लांबीच्या भिंतीत आरपार दगड निघाले दोन, तेही दाराच्या चौकटीजवळ.

नवी भिंत सिमेंटात, चौकटींच्या वरून चारी बाजूंनी फिरवलेला काँक्रीटचा पट्टा. गोटे म्हातारीनं टाकू दिले नाहीत. अंगणात नीट रास लावून ठेवली.

"गोठ्याच्या जोत्याला हुतील," ती म्हणाली.

"जोत्याला चालतील, आज्जी. भिंतीला घालू नका."