देवगिरी ते नळदुर्ग: दोघांसाठी पाच दिवसांचा मराठवाडा

मराठवाडा म्हटलं की बाहेरच्यांच्या डोळ्यांसमोर टँकर आणि करपलेलं रान उभं राहतं. एप्रिल-मेमध्ये आलात तर दिसेलही तेच. पण पाऊस सरता सरता बालाघाटाच्या कडा हिरव्यागार असतात, ओढ्यांना पाणी असतं, ज्वारी नुकतीच उगवून आलेली असते, आणि हा मुलूख इतका देखणा दिसतो की मुक्काम वाढवावासा वाटतो. म्हणून इथली सहल आखताना आधी तारखा ठरवाव्यात, मग वार आणि रस्ता सगळ्यात शेवटी. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात. नकाशावर ठिकाणं जोडतात, सुट्टी मिळेल तेव्हा निघतात आणि बंद दारासमोर किंवा कोरड्या धबधब्यासमोर जाऊन उभे राहतात.

तारखांचं म्हणाल तर कोजागरी झाल्यावर निघावं आणि नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत परतावं. सप्टेंबरमध्ये हिरवळ जास्त असते, पण मराठवाड्यात जोराचा पाऊस बऱ्याचदा त्याच महिन्यात होतो. 2025 च्या सप्टेंबरात धाराशिव, बीड, लातूर भागात पुराने काय हाल केले ते सगळ्यांनी पाहिलं. शिवाय नवरात्रापासून कोजागरीपर्यंत तुळजापूरकडचे रस्ते चालत जाणाऱ्या भाविकांचे असतात. सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरची वाहतूक त्या दिवसांत वळवली जाते.

आता वार. वेरूळच्या लेण्या मंगळवारी बंद असतात, अजिंठ्याच्या सोमवारी. तुळजापुरात मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमेला तोबा गर्दी. हे सगळं टाळायचं तर छत्रपती संभाजीनगरहून रविवारी सकाळी निघावं. रविवार-सोमवार देवगिरी आणि वेरूळ, मंगळवारी प्रवास जास्त, बुधवारी संध्याकाळी तुळजापूर, गुरुवारी नळदुर्ग. या क्रमात शेवट सोलापुरात होतो. एकूण अंतर साधारण सहाशे किलोमीटर, म्हणजे पंधराचं ॲव्हरेज देणाऱ्या गाडीला चाळीस लिटर पेट्रोल. आडवाटा आणि एसी धरून पन्नास धरा.

अजिंठा या आखणीत मुद्दाम घेतलेला नाही. तो संभाजीनगरहून शंभर किलोमीटर, तोही उलट दिशेला. फर्दापूरच्या फाट्यावर गाडी लावून पुढे लेण्यांपर्यंत बसनेच जावं लागतं. घाईत उरकण्याची ती जागा नाही. हाताशी सहावा दिवस असेल तर शनिवारी संभाजीनगरहून जाऊन-येऊन करा, नाहीतर पुढच्या खेपेला ठेवा.

रविवार: देवगिरी आणि वेरूळची दुपार

संभाजीनगरहून देवगिरी जेमतेम पंधरा किलोमीटर, तरीही सातच्या आत शहर सोडा. किल्ल्याजवळ रस्ता एका अरुंद जुन्या वेशीतून जातो आणि सुट्टीच्या दिवशी दहा वाजल्यानंतर तिथे गाड्यांची रांग लागते. गडावर बारादरीपर्यंत जाऊन यायला अडीच-तीन तास लागतात. माणशी दीड लिटर पाणी हवंच. खाण्याच्या पिशव्या मात्र गाडीतच ठेवा, वानरं हातातून ओढून नेतात. अंधारीत, म्हणजे गडाच्या पोटातल्या काळोख्या भुयारी वाटेत, पायऱ्या उंच-सखल आहेत आणि वटवाघळांच्या शिटेने निसरड्याही होतात. मोबाइलचा उजेड चालतो, पण मग एक हात अडकतो. डोक्याला बांधायची छोटी बॅटरी जास्त उपयोगी पडते. 1327 मध्ये महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी इथे का आणली, हे वर गेल्यावर आपोआप कळतं. खंदकाच्या आतली सबंध टेकडी तासून उभी केलेली आहे, पाय ठेवायला कपारसुद्धा सोडलेली नाही.

किल्ल्याबाहेर या दिवसांत सीताफळांच्या पाट्या लागलेल्या असतात. डोळे उघडलेलं आणि खाचांत पिवळसर झालेलं फळ घ्यावं. ते दुसऱ्या दिवशी खाण्याजोगं होतं. हिरवंगार आणि टणक घेतलं तर सहल संपेपर्यंत पिकत नाही.

तिथून घाट चढून खुलताबाद, आणि दोनच्या सुमारास वेरूळ. ही वेळ मुद्दाम दुपारची. वेरूळच्या लेण्या पश्चिमेकडे तोंड करून आहेत, त्यामुळे सकाळी आत अंधार असतो आणि तीननंतर ऊन थेट दारातून आत शिरतं. दहा नंबरच्या चैत्यातली बुद्धमूर्ती त्याच वेळी नीट दिसते. त्यानंतर कैलास. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात हे मंदिर वरून खाली कोरत आणलं. त्यामुळे आत शिरण्याआधी बाजूच्या पायवाटेने डोंगरावर चढून वरून एकदा पाहावं. शिखराच्या माथ्याशी आपण उभे असतो आणि चारी बाजूंना तोडलेल्या खडकावर छिन्नीच्या तिरक्या रेघा स्पष्ट दिसतात. मग खाली उतरून हत्तींच्या रांगेजवळ उभं राहिलं की आपण वरून किती खोल आलो ते समजतं. कडेला जिथे कठडा नाही तिथे फोटोसाठी पुढे जाऊ नये, मुरूम सुटा आहे.

मुक्काम वेरूळ किंवा खुलताबादला. दोघांचीही ओळखपत्रं मूळ स्वरूपात जवळ ठेवा. लहान गावांतले लॉज आणि भक्तनिवास एकाच्या कार्डावर खोली देत नाहीत.

सोमवार: म्हैसमाळची पहाट, पैठणची संध्याकाळ

पहाटे पाचला उठून म्हैसमाळ गाठा. खुलताबादहून बारा किलोमीटर, उंची 1067 मीटर. धुकं असेल तर घाटात दिवे लोवर ठेवा, हायबीम टाकला की समोर नुसती पांढरी भिंत उभी राहते. वर गिरिजामातेचं देऊळ आणि पठाराची कडा, तासाभरात होतं. उतरून घृष्णेश्वर. गाभाऱ्यात जायचं तर पुरुषांना सदरा-बनियन काढावं लागतं, आणि सोमवार असल्याने रांगेत तास-दीड तास धरून चाला. उरलेल्या लेण्यांपैकी जैन लेणी, 30 ते 34, चुकवू नका. ती मुख्य रस्त्यापासून लांब पडतात म्हणून निम्मे लोक तिकडे फिरकतच नाहीत. बत्तीस नंबरच्या वरच्या मजल्यावरचं कोरीवकाम कैलासापेक्षाही बारीक आहे.

बाराला निघून संभाजीनगरमार्गे तीनपर्यंत पैठण. नाथसागरावर, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयावर, फ्लेमिंगो पाहायचेत म्हणून ऑक्टोबरात येणारे पुष्कळ, आणि ते हिरमुसून जातात. धरण भरलेलं असतं तेव्हा काठचा उथळ चिखल पाण्याखाली असतो आणि या पक्ष्यांचं खाणं त्या चिखलातच असतं. डिसेंबर-जानेवारीत पाणी मागे हटू लागलं की ते येतात. ऑक्टोबरात पाहायचा तो भरलेला जलाशय आणि त्यावरचा सूर्यास्त. धरणातून विसर्ग चालू असेल तर खालच्या घाटावर उतरू नका.

पैठणी घ्यायचा विचार असेल तर मागावर जाऊनच घ्या आणि पदर उलटा करून बघा. हातमागावरच्या पैठणीत मोर, मुनिया, कमळ ही नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच स्वच्छ दिसते, कारण प्रत्येक रंगाचा धागा जिथल्या तिथे गुंतवलेला असतो. मागच्या बाजूला सुटे, कापलेले धागे लोंबत असतील तर ती यंत्रमागावरची. भाव काहीही सांगोत.

मंगळवार: बालाघाट चढताना

सर्वांत लांबचा दिवस, जवळपास दोनशे किलोमीटर. पैठणहून पाचोडला सोलापूर-धुळे महामार्ग पकडायचा, शहागडला गोदावरी ओलांडायची, गेवराईमार्गे बीड. बीडमध्ये पाण्यात उभं असलेलं कंकालेश्वर मंदिर आणि गावाबाहेरची खजाना विहीर, दोन्ही मिळून दीड तास. पुढे मांजरसुंब्याचा घाट चढला की आपण बालाघाटावर आलो. डावी-उजवीकडे डोंगराच्या सपाट माथ्यांच्या रांगा दिसू लागतात. तिथूनच आत कपिलधार, मन्मथस्वामींची समाधी आणि कड्यावरून पडणारा धबधबा. पाऊस थांबून तीन आठवडे झाले असतील तर धार बारीक झालेली असते, तरी दरी सुंदर आहे.

मांजरसुंबा-केज-अंबाजोगाई या टप्प्यात गाडी चालवणाऱ्याने जागं राहावं. काळ्या मातीवर बांधलेले डांबरी रस्ते लाटांसारखे वर-खाली होतात, कारण ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. सत्तरच्या वर गेलात की गाडी उडते. सिमेंटचा रस्ता सपाट असतो, पण साइडपट्टी अर्धा फूट खाली गेलेली असते. समोरच्याला वाट देताना चाक खाली उतरलं तर स्टिअरिंग झटक्याने वळवू नका. वेग कमी करत सरळ जा आणि पट्टी समपातळीत आली की वर या.

दुसरं, ओल्या काळ्या रानात गाडी उतरवायची नाही, फोटोसाठी दोन मिनिटंसुद्धा नाही. चिखल चाकाला आणि मडगार्डला गच्च भरतो, चाक जागीच फिरतं आणि जितकी रेस द्याल तितकी गाडी खोल रुतते. रुतलीच तर रेस सोडा, चाकापुढचा चिखल हाताने काढा, दगड किंवा तुराट्या घाला, हवा थोडी कमी करा आणि दुसऱ्या गिअरवर हळू काढा. नाहीतर जवळच्या वस्तीवरचा ट्रॅक्टर. नकाशाचं ॲप वीस मिनिटं वाचवायला पाणंद रस्त्यात घालतं, म्हणून मधल्या मोठ्या गावांची नावं टाकूनच वाट ठरवा.

अंधार पडायच्या आत अंबाजोगाई गाठायचीच. ऑक्टोबरअखेरपासून उसाची वाहतूक सुरू होते. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रात्री मागच्या दिव्याशिवाय चाललेल्या असतात. शिवाय रस्त्याची एक बाजू वाळत घातलेल्या सोयाबीनने अडलेली. सहाच्या पुढे या रस्त्यांवर गाडी चालवू नये, हे मी ठामपणे सांगेन.

बुधवार: अंबाजोगाई, तेर, तुळजापूर

सकाळी योगेश्वरी, मग हत्तीखाना लेणी आणि गावाबाहेरची मुकुंदराजांची समाधी. समाधीची जागा दरीत आहे. कोवळ्या उन्हात दोघांनी तासभर नुसतं बसावं अशी. नऊला नाश्ता उरकून रेणापूरमार्गे लातूर. लातुरात थांबण्यासारखं या सहलीपुरतं काही नाही, टाकी भरा आणि मुरूडकडे निघा.

तेरला मात्र दोन तास द्या. तगर नावाचं हे प्राचीन व्यापारी शहर, रोमशी संबंध असलेलं. इथे सापडलेली हस्तिदंती बाहुली, मातीच्या मूर्ती, मणी गावातल्या संग्रहालयात आहेत. त्रिविक्रम मंदिर विटांचं आहे आणि मागून गजपृष्ठाकार, म्हणजे हत्तीच्या पाठीसारखं गोल. गोरोबाकाकांचं देऊळ तेरणेच्या काठावर. सबंध वाटेत प्राचीनपणाचा असा पुरावा दुसरीकडे नाही. नक्षीपेक्षा उघडा डोंगर आवडत असेल तर तेरऐवजी लातूरहून औशाच्या बाजूला खरोशाची लेणी करावीत. दोन्ही एका दिवसात कोंबू नयेत.

धाराशिवमध्ये गुलाबजाम खाऊन पुढे तुळजापूर. जेवणाचं सांगायचं तर या पट्ट्यात ज्वारीची भाकरी, येसर आमटी आणि ठेचा मिळेल तिथे पनीर मागवू नका. सहल डिसेंबर-जानेवारीकडे ढकलली असेल तर मार्गशीर्षातली वेळ अमावस्या बघून घ्या. त्या दिवशी लातूर-धाराशिवकडची गावं रानात जेवायला जातात, दुकानं आणि खानावळी बंद. कुणी शेतात बोलावलं तर नाही म्हणू नका. भज्जी, आंबील आणि बाजरीचे उंडे हॉटेलात मिळत नाहीत.

गुरुवार: नळदुर्ग

तुळजापूरहून पस्तीस किलोमीटर. आदल्या दिवशी लॉजवाल्याला किंवा पेट्रोल पंपावर एकच प्रश्न विचारा, बोरी धरणाचा सांडवा चालू आहे का? तो चालू असेल तरच किल्ल्यातल्या बांधावरचे नर-मादी धबधबे वाहतात, नाहीतर बांध कोरडा. आणि पाणी फारच जास्त असेल तर बांधाच्या आतल्या पाणीमहालात सोडत नाहीत. मधली अवस्था मिळाली तर महाराष्ट्रात असं दृश्य दुसरं नाही.

1613 च्या सुमारास, दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळात, बोरी नदी अडवून हा बांध घातला आणि बांधाच्या पोटातच महाल बांधला. अरुंद जिन्याने खाली उतरलं की दगडी दालन लागतं. त्याच्या खिडकीबाहेर डोक्यावरून आलेलं पाणी पडद्यासारखं कोसळत असतं. बोलणं ऐकू येत नाही, तुषार आत येतात, फरशी कायम ओली. रबरी तळाची चप्पल किंवा सँडल घाला, मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, आणि खिडकीच्या कट्ट्यावर चढू नका, शेवाळ आहे. नंतर उपळ्या बुरुजावर जा. पायऱ्या उंच आहेत, पण किल्ला, नदीचं वळण आणि बांध एका नजरेत तिथूनच येतात. ऊन चढायच्या आत, साधारण अकरापर्यंत हे संपवा. पूर्ण तटाला फेरी मारायची तर आणखी दोन तास.

वाटेत कुठेही फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर थांबा. गढूळ पाण्याखाली पुलाची कड तुटलेली दिसत नाही आणि फूटभर वाहतं पाणी छोटी गाडी उचलायला पुरतं. गावकरी ट्रॅक्टरने जाताहेत म्हणून आपण कारने जायचं नसतं.

निघण्याआधी स्टेपनीची हवा आणि जॅक तपासा. रस्त्याकडेच्या वेड्या बाभळीच्या काट्यांनी टायर हमखास बसतात, म्हणून सावलीसाठी तिच्याखाली गाडी लावू नका. सुट्ट्या नोटांत दोन-तीन हजार रुपये ठेवा, डोंगरात नेटवर्क गेलं की यूपीआय चालत नाही. दोघंही गाडी चालवत असाल तर दर दीड तासाने बदला आणि शेजारी बसणाऱ्याने गतिरोधकांवर लक्ष ठेवावं, कारण खेड्यांच्या तोंडाशी असलेल्या बहुतेकांवर पट्टे नसतात. गाडी भाड्याची असेल तर सोलापूरला सोडण्याचे पैसे आधीच विचारून घ्या. ते जास्त सांगत असतील तर नळदुर्गहून तुळजापूर-बीडमार्गे महामार्गाने एका दिवसात संभाजीनगरला परत जाता येतं, मात्र त्यासाठी बाराच्या आत किल्ला सोडायला हवा.