आईला नको

रविवार, रात्र

"आईला नको."

नंदू एवढंच म्हणाला. नाशिकच्या वायनरीत वाईन ओतणाऱ्या मुलाने बाटली माझ्याकडे वळवली होती. नंदूने माझ्या ग्लासवर तळहात ठेवला आणि मुलगा पुढे सरकला. कुणाच्या लक्षातही आलं नसेल. मुग्धाच्या तर नाहीच, ती फोटो काढत होती. गाडीतून उतरताना "छान गेला दिवस" असं मीच म्हणाले, आणि ते खरंही आहे. तरी मुलुंडच्या या खोलीत, बारा वाजून गेल्यावरही, तो तळहात डोळ्यांसमोरून हलत नाहीये.

मला हवी होती का? तेच कळत नाही. आयुष्यात कधी घेतली नाही, त्यामुळे नाही मिळाली म्हणून वाईट वाटावं असं काही नव्हतं. पण 'नको' हा माझा शब्द होता. तो मी म्हणणार होते, किंवा म्हणणार नव्हते.

मग मला द्राक्षाचा रस आला. सुरुवातीलाच त्या मुलाने सांगितलं होतं की वाईनसाठी महाराष्ट्रात वय २१ पूर्ण लागतं, त्याखालच्यांना रस. त्या लांब टेबलावर रसाचे ग्लास दोनच. एक माझ्यासमोर, एक कुणाच्या तरी शाळकरी मुलीसमोर. ती माझ्याकडे बघून हसली, मीही हसले.

आणि हे त्या दुसऱ्या प्रसंगानंतर लगेच झालं म्हणून जास्त लागलं. आधी सगळ्यांना बाग दाखवली होती. फेब्रुवारी, म्हणजे तोडणीचे दिवस. वाईनची द्राक्षं आपल्या खायच्या टपोऱ्या थॉमसनसारखी नसतात. मणी बारीक, साल जाड, आत बिया. वेलीही मांडवावर नाहीत, तारांवर सरळ उभ्या रांगांत. कुणीतरी विचारलं, नाशिकला वर्षातून दोनदा छाटणी करतात, मग पीक दोनदा येतं का? मुलगा चांगला बोलत होता, पण तिथे अडखळला. मी म्हटलं, पीक एकच. एप्रिलची ती खरड छाटणी, काडी तयार करायला. त्या काडीच्या डोळ्यात पुढचा घड आतल्या आत आधीच बनतो. ऑक्टोबरात गोडी छाटणी केली की तो बाहेर येतो. म्हणून उन्हाळ्यात काडीची हेळसांड झाली तर हिवाळ्यात कितीही औषधं मारा, घड यायचा नाही. सगळे ऐकत होते. "काकू, तुम्ही बागायतदार का?" असं एकाने विचारलं. नंदूसुद्धा कौतुकाने बघत होता. निफाडच्या मातीत वाढल्यावर एवढं यायचंच, पण किती वर्षांनी मला कुणी काही विचारलं होतं!

आणि मग आत जाऊन "आईला नको".

ग्लासात पहिली आली ती शेनिन. शेनिन ब्लाँ. मुलगा म्हणाला, वास घ्या, पेरू येतो का, अननस येतो का, शेवटी थोडा मध. सगळे नाक घालून हुंगत होते. मला त्या नावाशीच थांबायला झालं. शेनिनचीच बाग लावली होती माझ्या भावाने, बाळूदादाने.

२००१ साली सरकारने वायनरींसाठी धोरण आणलं, सवलती दिल्या, तेव्हा आमच्या भागात कितीतरी जणांनी थॉमसन काढून वाईनच्या जाती लावल्या. करार असायचा. घड औषधात बुडवायला, म्हणजे डिपिंगला नको, मणी फुगवायला नको, विरळणीच्या बायांची मजुरी वाचते, दादा हरखला होता. गोडी मोजायचं यंत्र खिशात घेऊन फिरायचा. थेंबभर रस काचेवर टाकून उन्हाकडे धरायचा आणि आकडा वाचून दाखवायचा. काही हंगाम नीट गेले. मग २००८ची मंदी आली, कारखान्यांच्या टाक्या भरलेल्या, माल कुणी उचलेना. वेलींवर वाळलेले घड मी पाहिलेत. पुढच्या वर्षी दादाने बाग उपटली. त्यानंतरचं आज नको.

पण हे मला आजच, त्या टेबलापाशी लक्षात आलं, की दादाची द्राक्षं इतक्यांदा ट्रकमधून गेली आणि त्यांची वाईन कशी लागते ते आमच्यात एकालाही ठाऊक नाही. दादाला नाही. वहिनीला नाही. आमच्या अण्णांना तर त्या बाटलीची किंमत ऐकूनच घाम फुटला होता. आम्ही पिकवलं आणि पुढे काय झालं ते पाहिलंच नाही. आज ते माझ्या हाताच्या अंतरावर होतं.

संध्याकाळी खुल्या पायऱ्यांवर गाणी होती. पलीकडे गंगापूर धरणाचं पाणी, वारा गार. एक मुलगी गात होती, बरोबर गिटारवाला आणि लाकडी खोक्यावर बसून तेच वाजवणारा एक मुलगा. आवाज किती निर्मळ होता तिचा. लोक बोलत होते, खात होते, एका गाण्यानंतर तर टाळ्याच आल्या नाहीत, तरी तिने पुढचं गाणं त्याच जिवाने धरलं. मी मात्र अर्धं लक्ष देऊन ऐकत होते आणि अर्ध्या मनाने तेच उगाळत होते. आपल्या मुलाच्या लेखी आपण कधी अशा झालो? कोण 'चालेल' आणि कोणाला 'चालणार नाही' याच्या यादीत? ह्यांच्या वेळी...

तिने फर्माईश विचारली. नंदू उठून उभा राहिला आणि ह्यांचं गाणं मागितलं. तेच, रविवारी दाढी करतानाचं. ती गायली. नंदूने वळून माझ्याकडे पाहिलं नाही आणि मीही त्याच्याकडे नाही.

परतताना इगतपुरीचा तो समृद्धीवरचा बोगदा लागला, जवळजवळ आठ किलोमीटरचा. गाडीत सगळे गप्प. मुग्धाला डुलकी लागली होती. नंदूने मागे हात करून विचारलं, "आई, रात्रीची गोळी पर्समध्ये आहे ना?" होती. त्यानेच सकाळी ठेवली होती. ह्यांच्या वेळच्या त्या सगळ्या महिन्यात, हॉस्पिटलात, डॉक्टरांसमोर माझ्या वतीने तोच बोलायचा, कारण माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. आईला हे द्या, आईला ते नको. तेव्हा मला तो आधार होता. मग आज तोच हात ग्लासवर आला यात त्याचं काय चुकलं? त्याला कुणी सांगितलंच नाही की मी आता बोलते.

तरी विचारायला हवं होतं. हे मी मागे घेणार नाही. प्रेमाने ठेवला तरी हात ग्लासवरच होता.

आता मात्र राग राहिला नाहीये. झोपते.

सोमवार, दुपार

सकाळी दादाला फोन केला. सगळं सांगितलं, बाग, तारा, शेनिन. तळहाताचं नाही सांगितलं. तो बराच वेळ ऐकत होता. मग म्हणाला, "गोडी किती धरतात गं ते तोडणीला?" मी ते विचारलंच नव्हतं. मग म्हणाला, "आणि लागते कशी?"

मी म्हटलं, मलाही माहीत नाही, तू ये. तर म्हणे मला शुगर आहे, मला कुठे चालतेय. मी म्हटलं, दादा, तुला चालते का ते तुझ्या डॉक्टरांना विचार, हवी का ते तू सांग. तो हसला. शनिवारी पंचवटीने येतो म्हणाला.

नंदूला ऑफिसात फोन करून सांगितलं, येताना शेनिनची एक बाटली आण, मामा येतोय. "मामासाठी?" म्हणाला. म्हटलं, मामा घेईल की नाही ते तो बघेल, मी घेणार आहे. तो क्षणभर थांबला आणि मग विचारलं, "थंड करून ठेवायची ना?"

हो म्हटलं. फ्रिजचा वरचा कप्पा रिकामा करायचाय, त्यात कालपासून मुग्धाचं पीठ आहे.