पालेभाजीवर वर्ष निघत नाही

बागेतून वर्षभराचं पोट भरायचं ठरवलं की बहुतेकांचे निम्मे वाफे पालक, कोथिंबीर, टोमॅटो, काकडीत जातात. 100 ग्रॅम पालकात जेमतेम 23 कॅलरी. तेवढ्याच बटाट्यात 77, रताळ्यात 86, वाळलेल्या राजम्यात 330 च्या वर. दिवसाला 2000 कॅलरी धरल्या तर एका माणसाला वर्षाला 7,30,000 लागतात. नुसत्या बटाट्यावर हे भागवायचं तर साधारण 950 किलो. चौरस मीटरला 2 किलो उतारा धरला तर पावणेपाचशे चौरस मीटर जागा! हा हिशेब आधी, बियाणं नंतर.

म्हणून मोठा हिस्सा कंद, मका आणि कडधान्याला द्यावा. मक्यात लायसिन (प्रथिनांचा एक आवश्यक घटक) कमी, ते राजमा-चवळी भरून काढतात. मका हेच मुख्य अन्न असेल तर तो चुन्याच्या पाण्यात शिजवावा, एरवी त्यातलं नायसिन (एक ‘ब’ जीवनसत्त्व) अंगी लागत नाही. रताळं केशरी गराचंच लावा. पांढऱ्यात ‘अ’ जीवनसत्त्व नावालाच.

पिकण्यापेक्षा टिकण्यात जास्त नासाडी होते. रताळी काढल्यावर धुऊ नका. 30 अंशांच्या आसपास, दमट हवेत 4 ते 7 दिवस ठेवली की खरचटलेल्या जागी नवी साल धरते. मग 13 ते 15 अंशांत साठवा. फ्रिजमध्ये गाभा टणक होतो आणि कितीही शिजवला तरी मऊ पडत नाही. बटाट्याला मात्र थंडावा आणि पूर्ण अंधार हवा. कांदा माना पडल्यावर काढून सावलीत सुकवा. जाड मानेचे आणि डेंगळे (फुलोऱ्याचा दांडा आलेले) कांदे आधी संपवा, कारण न सुकलेल्या मानेतूनच सड आत शिरते. लाल भोपळा देठासकट कापा, पण देठाला धरून उचलू नका.

कडधान्याचा घात ओलाव्याने होतो. कोरड्या काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा दाणे घ्या, वर दोन-तीन चमचे कोरडं मीठ टाकून मिनिटभर हलवा, पाव तास ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा 15 टक्क्यांच्या वर आहे. न चिकटलं तरी लगेच भरू नका, अजून दोन-तीन उन्हं द्या. साठवणीला ओलावा 12 टक्क्यांच्या आसपास असावा. भुंगेऱ्यांची अंडी बहुधा शेतातूनच येतात, म्हणून वाळलेले दाणे हवाबंद बरणीत उणे 18 अंशांत चार दिवस ठेवा. बाहेर काढल्यावर बरणी घरच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडायचं नाही, नाहीतर दाण्यांवर दव धरतं आणि सगळी वाळवण वाया जाते.

बियाणं संकरित नको, सरळ वाण घ्या, म्हणजे घरच्या बियांपासून पुन्हा तसंच पीक येणारा. राजम्याचं बी सहसा शुद्ध राहतं. भोपळ्याचं तसं नाही: शेजारी त्याच प्रजातीचा दुसरा वाण असेल तर पुढच्या वर्षी वेलीला काय लागेल याचा भरवसा नाही. बियाण्यासाठीचं मादी फूल आदल्या संध्याकाळी कापडाने बांधा, सकाळी त्याच वाणाच्या नर फुलाचा पराग हाताने लावा आणि पुन्हा बांधून ठेवा.